मिसिंग मारतेय!

कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी थरथरायला लागली, की मी हमखास रेडिओचा आवाज वाढवायचो. ऐकलंच नाही तर प्रॉब्लेम नसतो, ही आपली साधी सरळ फिलॉसॉफी! पण स्टिअरिंग हातात वॉशिंग मशीनसारखं हलायचं, आणि सिग्नल सुटल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर विचार करायची. जाऊ की नको? तोवर मागचे सगळे हॉर्नवर बसलेले.

गाडी 2004 सालची, बाबांची. 2019 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा त्यांनी पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं, 2024 मध्ये परत. मग डोळ्यांमुळे त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं आणि किल्ली माझ्याकडे आली. ऑफिसात सगळ्यांचं एकच पालुपद, 'स्क्रॅपला घाल ना यार!' खरं सांगायचं तर मीही गुपचूप नव्या गाड्यांच्या किमती बघायला लागलो होतो.

मेकॅनिकने निदान केलं, 'मिसिंग मारतेय.' प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, साडेचार हजार गेले. आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. त्यात पीयूसीवाल्याने फेल केली. कार्बन मोनॉक्साइड जास्त! आता बाबांना सांगणं भागच होतं.

त्यांनी पार्किंगमध्ये बॉनेट उघडायला लावलं. आधी नुसतं ऐकलं. मग वास घेतला. 'पेट्रोलचा वास येतोय. अ‍ॅव्हरेज किती देतेय?' आधी चौदा होतं, आता दहा. 'प्लग काढ.' इंजिन गार झाल्यावर काढला. तीन आठवड्यांपूर्वीचा नवाकोरा प्लग काजळीने काळाकुट्ट. बाकीचे तीनही तसेच.

स्कूटरच्या जमान्यापासून प्लग घासत आलेला माणूस तो; मास्तरकी सुरू झाली. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळं असेल तर जास्त होतंय. एकच काळा असता, तर त्या एका सिलिंडरकडे बघायचं. चारही काळे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच कुणीतरी चुकीचं सांगतंय. या गाडीत ते काम मॅप सेन्सरचं. तो मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मोजतो, एका बारीक रबरी पाइपमधून. पाइप फाटला की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला वाटतं इंजिनवर लोड आलाय, आणि कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारकपणे पेट्रोल ओतत राहतो. आयडलिंगला व्हॅक्यूम भरपूर, म्हणून गोंधळही तिथेच जास्त.

मी टॉर्च मारून बघितलं, काही दिसेना. बाबांनी पाइप बोटांनी चाचपत नेला, टोकाशी वाकवला... आणि चीर उघडली.

पाइप साठ रुपयांचा! प्लग ब्रशने घासून परत बसवले. दुसऱ्या दिवशी पीयूसी पास. सिग्नलला मी रेडिओ बंद केला. शेजारी बाबा. 'एसी लाव,' ते म्हणाले. लावला. इंजिन किंचित दबलं आणि लगेच सावरलं. स्टिअरिंग शांत.

'विकायची असेल तर आता विकून टाक,' बाबा समोर बघत म्हणाले, 'बरा भाव येईल.'

नव्या गाड्यांचं यांना कुणी सांगितलं? आईच असणार!