कामावरील खरे वर्तमान

पाटबंधारे खात्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांना घळभरणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मातीच्या धरणाचे दोन्ही तीरांवरील बांध वर्षानुवर्षे सावकाश उंचावत असतात. मधोमध नदीसाठी राखलेली घळ मात्र एकाच उघडीपीत, म्हणजे परतीचा पाऊस ओसरल्यापासून मृगाचे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर दिसू लागेपर्यंत, तळापासून सुरक्षित उंचीपर्यंत भरून काढावी लागते. कारण अर्ध्या भरलेल्या घळीवरून पुराचे पाणी एकदा वाहू लागले, की मातीचा तो भराव पाहता पाहता नाहीसा होतो आणि खालच्या गावांवर कोणता प्रसंग ओढवेल याची कल्पनाही करवत नाही. प्रकल्पप्रमुखाच्या अंगी कोणता गुण असावा, असे तरुण अभियंते मला विचारतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती घळ येते. मग विद्वत्ता, वक्तृत्व, करडी शिस्त हे सारे गुण बाजूला ठेवून मी एवढेच सांगतो, की ज्याच्यापर्यंत अप्रिय वर्तमान वेळेवर आणि मूळ स्वरूपात पोहोचते, त्याच्या हाती घळ सोपवावी.

नियोजनाच्या शास्त्राला मी गौण लेखत नाही. अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५८ मध्ये ‘पर्ट’ ही पद्धत सिद्ध केली आणि त्याच सुमारास ड्यू पाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत आकाराला आली. शेकडो कामांच्या जाळ्यातून नेमक्या कोणत्या साखळीतील एका दिवसाची दिरंगाई साऱ्या प्रकल्पाची दिरंगाई ठरते, हे त्यांमुळे आधी ओळखता येऊ लागले, हा उपकार मोठाच आहे. परंतु त्या जाळ्यात भरावयाचे आकडे मुकादमाकडून शाखा अभियंत्याकडे, तेथून उपअभियंत्याकडे आणि मग कार्यकारी अभियंत्याच्या दप्तरात असे पायरीपायरीने चढत येतात, आणि वरिष्ठांची मर्जी राखावी या स्वाभाविक इच्छेने प्रत्येक पायरीवर त्यांना थोडा थोडा मुलामा चढत जातो. खाली जे ‘रोलर बंद पडला आहे’ असे असते, ते वर ‘काम प्रगतिपथावर आहे’ असे होऊन येते.

या विषयाचा विचार करताना मला बोरघाटाची आठवण होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या तेथील घाटमार्गाचे काम १८५६ मध्ये फॅव्हिएल या कंत्राटदाराने हाती घेतले. त्याच्या आणि कातळ फोडणाऱ्या मजुरांच्या मध्ये उपकंत्राटदारांची व मुकादमांची उतरंड होती. वरून निघालेला पैसा खाली पूर्ण पोहोचत नव्हता आणि खालची कैफियत वर जात नव्हती. १८५९ च्या प्रारंभी मजुरीच्या तंट्यावरून मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तोही येथे पोहोचल्यावर अल्पावधीतच मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट परत न करता ॲडमसन आणि क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांच्या हाती अंमलबजावणी सोपवली, आणि १८६३ च्या एप्रिलात घाटातून गाडी धावू लागली. पटकीने आणि ज्वराने या घाटात ज्या हजारो मजुरांचे बळी घेतले, त्यांचा विसर पाडून त्या कामाचा गौरव करणे मला शक्य नाही. तरी ज्यांना डोंगर कळतो त्यांच्याकडे निर्णयाचा अधिकार देण्याचा त्या स्त्रीचा विवेक मला अनेक नामांकित स्थापत्यविशारदांच्या कर्तृत्वाहून मोठा वाटतो. हाच विवेक दाखवत पुढे कोकण रेल्वेच्या कामात ई. श्रीधरन यांनी सारा मार्ग सात विभागांत वाटून प्रत्येकावर एकेक मुख्य अभियंता नेमला. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ माती पुनःपुन्हा ढासळू लागली, तेव्हा निर्णय घेण्यास समर्थ असा माणूस तिच्या जवळच होता.

पानशेतविषयी मी फार लिहू इच्छित नाही. पुणेकरांच्या दोन पिढ्यांनी ते दुःख सोसले आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते मातीचे धरण फुटले, तेव्हा त्यात पहिल्याच पावसाळ्याचे पाणी साठले होते आणि विमोचकाचे काम अपुरे होते. आमच्या पिढीतील प्रत्येक अभियंत्याने घळभरणीची मुदत ठरवताना ही तारीख स्मरणात ठेवली आहे.

एका प्रकल्पावर घळीचे काम ऐन भरात असताना, एप्रिलातल्या आढावा बैठकीत, मुख्य अभियंत्यांच्या समक्ष, एक नवखा शाखा अभियंता उठला आणि म्हणाला, “साहेब, गाभ्याच्या मातीचे शेवटचे तीन थर काढावे लागतील. खाणीतली माती जास्त ओली आहे, दबाई बसलेली नाही.” ठेकेदाराच्या प्रतिनिधीने तत्काळ हरकत घेतली आणि पावसाळा किती जवळ आला आहे याचे स्मरण दिले. मी चाचण्यांचे कागद मागवले, सर्वांसमोर वाचले आणि थर काढण्याचा हुकूम तेथेच लिहून दिला. मग त्या मुलाला माझ्या शेजारची खुर्ची दिली, कारण उरलेल्या बैठकीत त्याला कोणी दटावू नये, याची तजवीज मला करावयाची होती.

त्याच संध्याकाळी सांडव्याकडील रोलर घळीकडे वळवले, कोरड्या मातीची दुसरी खाण उघडली आणि रात्रपाळी सुरू केली. ठेकेदाराच्या आधीच्या, मोजमाप पुस्तकात मान्य झालेल्या कामाचे बिल अडवून त्याला वठणीवर आणावे, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. मी ते बिल त्याच आठवड्यात मंजूर केले. मजुरांचा पगार त्या बिलावर अवलंबून होता, आणि पुढच्या वेळी माती ओली निघाली, तर ते सांगायला ठेकेदाराचाच माणूस आधी माझ्याकडे यावा, अशी माझी इच्छा होती. मेच्या मध्यावर तो आला.