पाणी चढण्याआधी

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली पूरप्रवण जिल्ह्यांसाठी आरंभिलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेचे शिक्षण घेतलेल्या आम्हा कृष्णाकाठच्या स्वयंसेवकांच्या अंगी जो क्रम बाणविला जातो, तो पोहण्याचा अभिमान असलेल्या तरुणास प्रथम काहीसा अपमानास्पद वाटतो: बुडणारा मनुष्य हाती येईल त्यास मिठी मारतो, सबब आधी काठावरून दोर फेकावा, तो पोहोचत नसेल तर नाव न्यावी, आणि पाण्यात उतरणे अपरिहार्यच झाले तर त्याच्या पाठीमागून जावे. तथापि ही या विद्येची सोपी बाजू होय.

अवघड आहे ते माणसाला वेळेवर उंबरठ्याबाहेर काढणे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा व ४५ फुटांवर धोका, हे सरकारदप्तरी ठीक. घरोघरचे माप म्हणजे २००५ च्या पुराने भिंतीवर ठेवलेली रेघ. त्या रेघेच्या भरवशावर २०१९ च्या ऑगस्टात लोक माळ्यावर बसून राहिले, पाणी रेघ ओलांडून गेले, आणि मग साऱ्यांनाच एकदम नाव हवी झाली. ब्राह्मनाळला त्याच दिवसांत क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली नाव उलटून अनेकांचा अंत झाला.

पुढे २०२१ च्या जुलैत आमच्या गल्लीतील एक आजी दाराची चौकट धरून म्हणाल्या, “म्हशीला सोडून म्या कुठं येत न्हाई बघ.” त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही दावे सोडले, म्हैस माळावर नेऊन बांधली, वैरणीची तजवीज केली. परत येतो तो आजी गाठोडे काखेत मारून तयार.

तेव्हापासून कचेरीच्या यादीत नसलेले रकाने मी माझ्या वहीत आखतो: कोणाच्या गोठ्यात किती जनावरे, कोणती लेक बाळंतपणाला आली आहे, कोणाला रात्री दिसत नाही, आणि (हसू नये) कोणत्या भावकीत बांधावरून तंटा आहे, कारण पुराला न भिणारा मनुष्य चुलतभावाशेजारी अंथरूण घालण्याच्या कल्पनेने घर सोडीत नाही, आणि अशा दोघांसाठी शाळेच्या दोन टोकांच्या खोल्या मृगापूर्वीच मुख्याध्यापकांकडे बोलून ठेवाव्या लागतात.