झुंजुमुंजु व्हायच्या आत

आमच्या पिढीला 'झुंजुमुंजु' हा शब्द कानावर आला की आधी जात्याची घरघर ऐकू येते. अंधार पुरता सरलेला नाही, समोर कुणी उभं आहे एवढं दिसतं पण चेहरा ओळखू येत नाही, ती ही वेळ. कुणी तिला 'झुंजुरकं' म्हणे. घड्याळ होतं, पण ते ओसरीवर. माजघरातला कारभार उजेडाच्या हिशेबाने चाले. झुंजुमुंजु व्हायच्या आत दळण उरकायचं, तांबडं फुटलं की सडासारवण, फटफटलं की पाण्याच्या खेपा. दिवस कासराभर वर आला की गडीमाणसं रानात गेलेली असत.

आम्ही पोरं गोधडीत असायचो. आई आणि काकू समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालत. दिवसभर एकमेकींशी मोजकंच बोलणाऱ्या त्या दोघी ओवीतून मात्र माहेरचं, भावाचं, पंढरीच्या विठ्ठलाचं सगळं सांगून टाकत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. त्यांचं मन आम्हाला कळलं ते तेव्हाच, अर्धवट झोपेत.

कोजागरीनंतर देवळात काकडा सुरू होई, तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. नरकचतुर्दशीला तर सूर्य उगवायच्या आत अभ्यंगस्नान झालंच पाहिजे. अंगाला उटणं, पायाखाली कडू कारीट, आणि उशीर करणाऱ्याला नरकाची भीती. मग घरात रेडिओ आला, आणि भूपाळी देवळातून स्वयंपाकघरात आली. होनाजी बाळाची भूपाळी आमच्यापैकी बहुतेकांना १९५१च्या 'अमर भूपाळी'मुळे, वसंत देसाईंच्या चालीत पाठ झाली. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या, लावणीसाठी गाजलेल्या त्या शाहिराने पहाटेवर इतकं निर्मळ लिहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पुस्तकांतली पहाट वेगळी भेटली. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सद्गुरूच सूर्य होऊन उगवतात, कमळं उमलतात, ताटातूट झालेले चक्रवाक भेटतात. हरिभाऊ आपट्यांनी शिवकाळावरच्या कादंबरीला नाव दिलं 'उषःकाल'. स्वराज्याच्या उदयाला तोच शब्द शोभतो. झुंजुमुंजु तेवढा भार पेलणार नाही. तो ग्रामीण कथेत येतो तेव्हा कुणीतरी बैल जुंपतंय, कुणीतरी चूल पेटवतंय, हे लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मते हीच त्याची श्रीमंती.

पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. आयांच्या हातांना विसावा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ओवीला बसायला जागा उरली नाही. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या; ते पुस्तक उघडलं की आमच्या घरातलं काही ना काही सापडतंच. जे सापडत नाही, ते आम्ही भावंडं आता वहीत उतरवून घेतोय. थोरलीला चाली येतात, धाकट्याला शब्द, आणि काकूंच्या माहेरच्या ओव्या मागायला येत्या मे महिन्यात त्यांच्या भाच्यांकडे जायचं ठरलंय.