मनी, गुंड्या आणि घरातली दादागिरी



"तुमच्या मांजरांचं भांडण मिटलं का?" हा प्रश्न वर्गातल्या मुलांनी आणि पालकांनी आम्हाला इतक्या वेळा विचारला आहे की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं घरात ठरलं. न्यूझीलंडमध्ये माणसं सुमारे 53 लाख आणि पाळीव मांजरं सुमारे 12 लाख. दर दहा घरांपैकी चार घरांत मांजर असतं. त्यामुळे आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी आज ना उद्या दुसरं मांजर येणार, आणि आमच्यासारखाच प्रसंग उभा राहणार. त्या घराला उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आमच्याकडे आधी एकटी मनी होती. राखाडी रंग, वय नऊ वर्षं, स्वभाव शांत. जुलै 2024 च्या शाळेच्या सुट्टीत आम्ही एसपीसीएमधून दोन वर्षांचा एक बोका आणला. डोकं गोल गरगरीत, म्हणून धाकटीने त्याचं नाव ठेवलं गुंड्या. एसपीसीएमधून मांजर घरी येतं तेव्हा त्याची नसबंदी, लसीकरण आणि मायक्रोचिप झालेली असते, म्हणून तशी काळजी नव्हती. दोघांची ओळखही आम्ही सांगितल्याप्रमाणे सावकाश करून दिली. पहिले दोन आठवडे गुंड्या वेगळ्या खोलीत होता. बंद दाराच्या अलीकडे मनीचं जेवण, पलीकडे गुंड्याचं. एका मऊ कापडाने एकाचे गाल पुसायचे आणि ते कापड दुसऱ्याच्या अंथरुणापाशी ठेवायचं. मांजराच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात. आपण चेहरा ओळखतो तसं मांजर वास ओळखतं.

एवढं करूनही दार उघडल्यावर महिन्याभरात गुंड्याने घराचा ताबा घेतला.

गंमत अशी की मारामारी फारशी होत नव्हती. पाहुण्यांना तर वाटायचं, किती गुणी मांजरं आहेत! गुंड्या फक्त बसायचा. पण कुठे? स्वयंपाकघरात जाणाऱ्या बोळाच्या बरोबर मध्यभागी. मनीला लिटर ट्रेकडे जायचं असलं की हा तिथे आडवा. मनीने वाटीत तोंड घातलं की हा चार हातांवर येऊन तिच्याकडे टक लावून बघायचा, आणि ती अर्धं जेवण टाकून निघून जायची. ना पंजा, ना फिसकारणं. शाळेतला दांडगा मुलगा एका शब्दाशिवाय बाक बळकावतो ना, तसंच हे. ऑगस्ट संपेपर्यंत मनीने कपाटाच्या माथ्यावर बस्तान ठोकलं. सप्टेंबरमध्ये तिने आमच्या पांघरुणावर दोनदा शू केली. वजन 4.6 किलोवरून 4.1 किलोवर आलं.

अशा वेळी मांजर "खोडकर झालं" असं समजू नये. आधी व्हेटकडे न्यावं, कारण दुखणं असलं की मांजराचं वागणं बदलतं. मनीच्या मूत्राशयाला सूज आली होती. मांजरांमध्ये ताणामुळे असं होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. तो वारंवार ट्रेमध्ये बसतो आहे आणि शू होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता तडक व्हेट गाठावा. मूत्रमार्ग बंद झाला तर जीवावर बेततं.

आता खरा पेच घरातल्या माणसांचा झाला. थोरला मनीच्या बाजूचा, धाकटी गुंड्याच्या. जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडले. थोरला म्हणे, "मनी आधीपासूनची आहे, गुंड्याला परत द्या." धाकटी म्हणे, "त्याला आधीच एकदा कुणीतरी सोडलंय, आपण पुन्हा सोडायचं?" दोघांचंही खरं होतं. या देशात 1999 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राणी वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, पण नीट दुसरं घर शोधून देणं हा गुन्हा नाही, आणि कधी कधी तेच मांजराच्या हिताचं असतं. शेवटी ठरलं, 31 जानेवारी 2025 पर्यंत सगळे उपाय करायचे. तोवर मनीचं वजन भरलं नाही तर गुंड्यासाठी दुसरं घर बघायचं. धाकटीने ही तारीख स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहिली.

त्याच सुमारास चिपळूणहून आजी आली. दोन दिवस तिने नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, आमच्याकडे चार-चार मांजरं असायची. एक चुलीपाशी, एक पडवीत, एक माळ्यावर, एक गोठ्यात. भांडायला एकमेकांच्या वाटेत यावं तर लागतं! तुमच्या घराला वाट एकच." आजीचं हे बोलणं आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं तंतोतंत जुळलं.

आपण म्हणतो, एक मांजर दुसऱ्यावर "राज्य करतं". पण मांजरांत लांडग्यांसारखी टोळी किंवा टोळीचा नायक नसतो. आपलं घरगुती मांजर ज्या रानमांजरापासून आलं, ते एकटं राहून एकटं शिकार करणारं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. म्हणजे सहवास जुना, पण "जेवण आपापलं" हा स्वभाव त्याहून जुना. नात्यातल्या मांजरी एकत्र राहतात, परक्यांचं तसं नसतं. म्हणून दादागिरी असते ती जागेवर: अन्न, पाणी, ट्रे, ऊन, उंच जागा आणि तिथे जायच्या वाटा. दोन मांजरं लोण्यासाठी भांडली आणि तराजू घेऊन आलेल्या माकडाने सगळं लोणी खाल्लं, ही गोष्ट तुम्ही मुलांनी वर्गात ऐकली असेल. तिथे लोण्याचा गोळा एकच होता. घरात सगळं दुप्पट ठेवलं की वाटणीचा प्रश्नच कमी होतो.

त्यात इथला आणखी एक मुद्दा. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, त्यामुळे इथल्या पक्ष्यांना मांजरापासून जीव वाचवायचं माहीतच नव्हतं. 1894 मध्ये स्टीफन्स बेटावर दीपगृहाबरोबर मांजरं पोचली आणि तिथला चिमुकला रेन पक्षी बघता बघता नाहीसा झाला. म्हणून तुई आणि केरेरूंसाठी आम्ही संध्याकाळनंतर दोघांना घरातच ठेवतो. पण मग घर आणखी लहान होतं, हेही खरं.

उपाय असे केले. जितकी मांजरं त्याहून एक जास्त ट्रे, म्हणजे आमच्याकडे तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. तीन ट्रे शेजारी शेजारी ठेवले तर एकच दांडगा तिन्ही अडवतो. जेवणाच्या वाट्या दोन खोल्यांत, एकमेकांना दिसणार नाहीत अशा. पाणी अन्नापासून दूर. बोळात एक बाक आणि भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या, म्हणजे गुंड्या खाली बसला तर मनी वरून जाऊ शकते. थोरल्याच्या खोलीच्या दाराला चिप ओळखणारं छोटं झडपेचं दार बसवलं. ते फक्त मनीसाठी उघडतं. गुंड्याच्या गळ्यात, अडकला तर आपोआप सुटणारा पट्टा आणि घुंगरू. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा जुना प्रश्न आमच्या धाकटीने सोडवला! तो येतोय हे मनीला आधीच कळू लागलं आणि पक्ष्यांनाही.

गुंड्यासाठी दिवसातून दोनदा दहा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाचा खेळ आणि लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम असतो. तो पूर्ण झाला की दुसऱ्याच्या मागे लागायची हौस कमी होते. आणि टक लावणं सुरू झालं की ओरडायचं नाही, पाणी उडवायचं नाही. मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरायचा, एवढंच. ओरडलं की मांजराच्या मनात "मनी दिसली की वाईट होतं" असं बसतं आणि वैर वाढतं. प्रत्यक्ष मारामारीत हात तर कधीच घालू नये. मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर पिकतो. माणसाला चावलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

ऑक्टोबरअखेर बरंच जमलं होतं. मनी खाली उतरून जेवू लागली होती. त्या वर्षी दिवाळी आणि गाय फॉक्स एकाच आठवड्यात आले. 5 नोव्हेंबरच्या रात्री शेजारच्या अंगणात फटाक्यांची माळ उडाली. घाबरलेल्या गुंड्याने समोर दिसेल त्यावर झडप घातली, आणि समोर होती मनी. भीती एकाची आणि राग दुसऱ्यावर, असं मांजरांत नेहमी होतं. खिडकीबाहेर परका बोका दिसला तरी होतं. तीन दिवसांनी मनीच्या शेपटीच्या मुळाशी गळू आलं. पुन्हा व्हेट, पुन्हा औषध. त्या रात्री थोरला धाकटीशी बोलला नाही.

आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर गेलो. बंद दार, मग जाळीचं फाटक आणि त्यावर चादर, मग चादर रोज चार बोटं वर. दोन्ही बाजूंना आवडतं खाणं. कोणी जेवण सोडलं तर दुसऱ्या दिवशी चादर पुन्हा खाली. हे सहा आठवडे चाललं.

या काळात मुलांनी एक वही ठेवली. कोण कुठे बसलं, कोणी कोणाला अडवलं, किती वाजता. वही मराठीतच ठेवायची, ही आजीची अट. सुरुवातीला धाकटी प्रत्येक आवाजाला "आवाज केला" असंच लिही. मग आजीने शब्द दिले: फिसकारला, गुरगुरला, घुरघुरत बसली, दबा धरला, अंग फुगवलं, शेपूट आपटली. शब्द आल्यावर दोघांना दिसूही जास्त लागलं. डिसेंबरच्या एका पानावर थोरल्याने लिहिलं आहे, "आज गुंड्याने वाट सोडली." त्याने गुंड्याबद्दल लिहिलेली ती पहिली चांगली ओळ. डोळे सावकाश मिटून उघडणं ही मांजराची सलोख्याची खूण, हेही मुलांनी टिपलं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं आहे की माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसाच प्रतिसाद देतात. गुंड्यावर आधी आजीने आणि मग थोरल्याने हा प्रयोग केला.

मुलांनो, मोठ्यांच्या मांजरांनाही हे चुकलेलं नाही. लंडनला पंतप्रधानांच्या घरी 2011 मध्ये लॅरी नावाचा बोका आला आणि 2016 मध्ये समोरच्या परराष्ट्र खात्यात पामर्स्टन. रस्त्यातल्या त्यांच्या मारामाऱ्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून आली. पामर्स्टन 2020 मध्ये निवृत्त होऊन खेड्यात राहायला गेला. तिथे पहारेकरी होते, सरकार होतं, तरी दोन बोक्यांची मैत्री काही कुणाला करून देता आली नाही.

आमच्याकडेही मैत्री झालेली नाही, हे स्पष्ट सांगतो. 31 जानेवारीला मनीचं वजन 4.5 किलो भरलं. सकाळचं ऊन पडतं त्या पट्ट्यात दोघं साधारण दोन हातांचं अंतर ठेवून झोपतात. कधी गुंड्या बोळात बसतो, तेव्हा मनी फळीवरून निघून जाते आणि तोही मान वर करून नुसता बघतो. कॅलेंडरवरची तारीख धाकटीने खोडली आणि थोरल्याने मांजर न्यायची पेटी उचलून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवली. तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

ज्यांच्या घरी दुसरं मांजर आणायचा विचार आहे, त्यांनी आधी घराच्या वाटा मोजाव्यात, ट्रे ठेवायला तीन जागा आहेत का बघावं, आणि हाताशी चार-सहा महिन्यांचा धीर आहे का हे एकमेकांना विचारावं. मुलांची वही आम्ही वर्गाच्या पुस्तकांच्या खोक्यात ठेवली आहे. हवी त्याने घरी न्यावी, मात्र पुढची पानं कोरी आहेत, त्यावर आपल्या मांजराबद्दल मराठीतच लिहावं.