निळ्या पानांची निवड

पत्त्यांच्या डावात वाईट पाने आली, की माणूस पिसणाऱ्याला बोल लावतो, नाही तर नशिबाला. कॅटमध्ये कोणती पाने असावीत हे कोणी ठरवले, असा प्रश्न तो विचारीत नाही. कारण ती बावन्न पाने सर्वांची आहेत आणि कोणाचीच नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० गोल पाने असतात. चिताऱ्याचा हात बदलला, तरी राजा, वजीर आणि एक ते दहा हा क्रम बदलत नाही. परंपरेने हाती दिलेल्या संचाला कर्ता नसतो; म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही.

१९९३ साली अमेरिकेत ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि ही स्थिती पालटली. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला संयोजन-गणितातील डॉक्टरेट दिली. पहिल्या आवृत्तीत २९५ पाने होती. आज परस्परांहून भिन्न अशा पानांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली आहे. पानांचे मुख्य रंग पाच, आणि प्रत्येक रंगाची भूमी निराळी: पांढऱ्याची मैदाने, निळ्याची बेटे, काळ्याची दलदल, तांबड्याचे डोंगर, हिरव्याची अरण्ये. खेळाडू हा मांत्रिक. भूमीतून बळ घ्यावे आणि त्या बळावर मंत्र टाकावा किंवा एखादा प्राणी मेजावर बोलवावा, अशी ही रचना आहे. या अफाट राशीतून काही हौशी खेळाडू आपल्या पसंतीचा एक संच निवडून ठेवतात. त्याला ‘क्यूब’ म्हणतात. आठ जण जमतात, प्रत्येकापुढे पंधरा पानांच्या तीन गड्ड्या येतात. गड्डीतून एक पान घ्यायचे आणि उरलेली चौदा शेजाऱ्याकडे सरकवायची, अशा रीतीने प्रत्येक जण पंचेचाळीस पाने जमवतो आणि त्यांतूनच आपली फौज उभी करतो. आठ पंचेचाळीस ३६०. एवढ्या पानांचा संच असला, तर एकही पान शिल्लक राहत नाही.

असा एक संच अमेरिकेतल्या एका लहान गावी, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका गृहस्थाजवळ होता. शुक्रवारी रात्री त्याच्या घराच्या तळघरात आठ जण जमत, पाने निवडून झाली की चार-चारांच्या दोन मेजांवर बसत, आणि प्रत्येक जण इतर तिघांविरुद्ध खेळे. शेवटी जो उरेल तो जिंकला. संच त्याने एकट्याने निवडला होता, आणि त्यात निळा रंग त्याच्या विशेष जिव्हाळ्याचा होता. विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या खोलीत एका मित्राबरोबर दोघा-दोघांचे डाव खेळता खेळता तो या रंगाच्या नादी लागला होता. निळा रंग बुद्धीचा मानला जातो. तो प्रतिपक्षाचे मंत्र मोडतो, त्याचे प्राणी त्याच्या हातात परत पाठवतो, त्यांची नक्कल करतो, प्रसंगी त्यांना फितवतो, आणि हे सारे करताना स्वतः नवी पाने ओढीत राहतो. त्याचे सर्वांत निर्भेळ रूप म्हणजे ‘काउंटरस्पेल’ हे पहिल्या आवृत्तीतले पान. दोन बेटांचे बळ खर्चावे, आणि समोरच्याने टाकलेला कोणताही मंत्र, तो लहान असो वा मोठा, जागच्या जागी विरून जावा. समोरच्याचे एक पान गेले, आपलेही एक गेले; हिशेब चोख. दोघांच्या खेळात यासारखा न्याय नाही.

त्या शुक्रवारच्या मंडळीत सर्वांत वडीलधारे होते वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक. ते नेहमी हिरवी पाने घेत. त्यांचा खेळ सावकाश चाले; अरण्यामागून अरण्य मांडीत ते शांतपणे बसून राहत. मार्च महिन्यातल्या एका रात्री, आठव्या पाळीला, त्यांनी आपली आठही अरण्ये आडवी केली आणि इतका वेळ जपून ठेवलेला एक महाकाय प्राणी मेजावर ठेवला. गणिताच्या अध्यापकाची दोन बेटे मोकळी होती. त्याने ‘काउंटरस्पेल’ टाकले. त्यामागे विचार असा काही नव्हता. सवयीने हात गेला. वडील अध्यापकांनी प्राण्याचे पान उचलून टाकलेल्या पानांच्या ढिगावर ठेवले आणि ते पुन्हा स्वस्थ बसले. तासाभराने हेच दुसऱ्यांदा घडले. डाव मात्र या दोघांपैकी कोणीच जिंकला नाही; तो जिंकला तिसऱ्याच माणसाने. तो आधीपासून पुढे होता, आणि तो प्राणी मेजावर राहिला असता तर बहुधा त्याच्यावरच चालून गेला असता. पुढच्या शुक्रवारी वडील अध्यापक आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. विचारले तेव्हा, रात्री गाडी चालवणे आता डोळ्यांना झेपत नाही, असे त्यांनी सांगितले. ते खरेही असेल.

गणित शिकवणाऱ्या माणसाला या प्रकारातला हिशेब कळायला इतका उशीर लागावा, ही गोष्ट त्याला फार लागली. हिशेब तर तिसरीतल्या मुलालाही समजावा असा होता. चौघांच्या हातात सात-सात पाने आहेत असे धरावे. पहिल्याने एक टाकले, दुसऱ्याने एक टाकून ते मोडले. आता या दोघांजवळ सहा-सहा उरली. ज्यांनी काहीच केले नाही त्या दोघांजवळ अद्याप सात-सात आहेत. दोघांच्या मेजावर जो बरोबरीचा सौदा होता, तोच चौघांच्या मेजावर दोघांचे नुकसान आणि बघ्यांचा फायदा होतो. पानावरचा मजकूर अक्षराने बदललेला नसतो. भोवती बसलेल्या माणसांची संख्या बदललेली असते, आणि तेवढ्याने त्याचा अर्थ फिरतो. हा संच त्याने चौघांसाठी जमवला खरा, पण निवडताना त्याच्या मनासमोर वसतिगृहातली ती दोघांची खोलीच होती.

त्या उन्हाळ्यात त्याने संचातली पन्नासही निळी पाने जेवणाच्या मेजावर मांडली आणि निवड पहिल्यापासून सुरू केली. जादा पाळी मिळवून देणारी पाने त्याने आधी काढली. चौघांत प्रत्येकाला तीन पाळ्या थांबावेच लागते, त्यात आणखी एकीची भर घालणे म्हणजे इतरांना नुसते बसवून ठेवणे. ‘सायक्लोनिक रिफ्ट’ हे २०१२ सालचे पान त्याच्या फार आवडीचे. पुरते मोल मोजले, तर भूमी वगळून इतर तिघांचे मेजावरचे सर्व काही ते त्यांच्या हातांत परत पाठवते. परंतु दीड तास मांडलेला डाव एका क्षणात पुसला गेला, की मेजावर जी शांतता पसरते ती त्याने पाहिली होती. तेही गेले. ‘रिस्टिक स्टडी’ हे २००० सालचे पान तर चौघांतच खरे बलवान. प्रतिपक्षी कोणताही मंत्र टाको, त्याने एका भूमीचे जादा बळ भरले नाही तर या पानाच्या धन्याला एक पान ओढायला मिळते. पण ‘एक भरणार का?’ हा प्रश्न एका रात्रीत चाळीस वेळा विचारावा लागतो, आणि त्यापुढे दुसरे संभाषणच खुंटते. सावकाराच्या ओसरीवर खेळ मांडण्यात त्याला स्वारस्य वाटेना.

जी राहिली त्यांची कारणेही मेजावर बसलेल्या माणसांतच होती. ‘क्लोन’ हे पान मेजावरच्या कोणत्याही प्राण्याचे रूप घेते. दोघांत त्याला निवड थोडी. चौघांत तिघांचे प्राणी समोर असतात, आणि आपला प्राणी नकलेसाठी निवडला गेला याचे धन्याला थोडे कौतुकही वाटते. ‘प्रॉपगँडा’ हे १९९७ सालचे पान हल्ल्यावर बंदी घालत नाही, प्रत्येक प्राण्यामागे दोन भूमींची जकात बसवते. ‘फॅक्ट ऑर फिक्शन’मध्ये वरची पाच पाने उघडी करायची, एका प्रतिपक्ष्याने त्यांचे दोन वाटे घालायचे आणि आपण एक वाटा उचलायचा. कोणाला वाटे घालायला सांगायचे, येथपासूनच बोलणे सुरू होते, आणि स्वतःची पाळी नसलेला एक माणूस डावात येतो. खास अनेकांच्या खेळासाठी निघालेल्या २०१४ सालच्या ‘कॉन्स्पिरसी’ या मालेतले ‘प्ली फॉर पॉवर’ हे पान सर्वांची मते मागते: टाकणाऱ्याला काळ द्यावा की ज्ञान? काळ म्हणजे जादा पाळी, ज्ञान म्हणजे तीन पाने, आणि समसमान मते पडली तरी ज्ञानच. प्रतिपक्षी बहुतेक वेळा ज्ञानालाच कौल देतात. निकाल जवळजवळ ठरलेला असतो. तरी मत विचारले जाते, आणि विचारले जाणे हीच तेथे मौज असते.

खरी अडचण नकारांची होती. जुन्या संचात मंत्र मोडणारी आठ पाने होती. सगळीच काढावीत असे एकदा त्याच्या मनात आले. पण ज्या मेजावर कोणीच नाही म्हणू शकत नाही, तेथे सर्वांत महागडा मंत्र राज्य करतो. एकाचा अंतिम मंत्र मोडणारा खेळाडू स्वतःबरोबर आणखी दोघांना वाचवतो. तो गावचा रखवालदार असतो. नकार हवाच होता, पण तो शेजाऱ्याच्या प्रत्येक उंबऱ्यावर उभा नको होता. आठांची त्याने चार केली, आणि ‘काउंटरस्पेल’च्या जागी ‘आर्केन डिनायल’ घातले.

१९९६ सालचे हे पान तरुणपणी त्याने हसून बाजूला टाकले होते. तेही मंत्र मोडते. मात्र ज्याचा मंत्र मोडला त्याला पुढील पाळीच्या आरंभी दोन पानांपर्यंत ओढता येतात, आणि मोडणाऱ्याला एक मिळते. दोघांच्या खेळात हे दान आत्मघातकी आहे; शत्रूचे एक पान घ्यावे आणि त्याला दोन द्यावीत, असा व्यवहार कोणी करील काय? आता त्याने सात-सात पानांचा हिशेब पुन्हा मांडला. मोडणाऱ्याची सात पाने सातच राहिली. ज्याला नकार मिळाला त्याची आठ झाली. बघ्यांची सात-सातच. म्हणजे नकार दिला गेला, आणि त्याने कोणी दरिद्री झाला नाही. जे पान तो वीस वर्षे दुबळे समजत आला, ते चौघांच्या मेजावरचे सर्वांत समंजस पान ठरत होते.

निवड करणाऱ्याची ही पंचाईत भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. हाल सातवाहनाने एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे गाथासप्तशतीतच सांगितले आहे. कोटीचा आकडा कवीचा म्हणून सोडून दिला, तरी टाकलेल्यांची राशी ठेवलेल्यांहून किती मोठी, हे त्यातून उमगते. त्या संग्रहात हालाच्या स्वतःच्याही गाथा असल्याचे परंपरा मानते. म्हणजे निवडणारा स्वतःही त्या मेळ्यात बसला होता. अशा माणसाला आपली आवड आणि जमलेल्यांची गरज यांतला भेद दुसऱ्या कोणाकडून कळत नाही. तो त्याला स्वतःच्याच पानांतून, बहुधा उशिरा, कळतो.

सप्टेंबरच्या अखेरीस त्याने सर्वांना निरोप धाडले. वडील अध्यापकांना दूरध्वनी केला. संच नवा बांधला आहे, आणि नेण्या-आणण्याला गाडी घेऊन आपण येऊ, असे सांगितले. मार्चमधल्या त्या रात्रीचा उल्लेख दोघांनीही केला नाही. ‘बघू’, असे ते म्हणाले. त्या शुक्रवारी सातच जण जमले. एका मेजावर चौघे, दुसऱ्यावर तिघे. मध्यरात्रीच्या सुमारास त्याने स्वतः मोठ्या आशेने टाकलेला मंत्र समोरच्या तरुणाने ‘आर्केन डिनायल’ने मोडला. क्षणभर वाईट वाटले. मग पुढील पाळीच्या आरंभी त्याने दोन पाने ओढली आणि ती काय आहेत हे पाहण्यात ते वाईट वाटणे मागे पडले.

मंडळी गेल्यावर तो संच आवरू लागला. सात पंचेचाळीस ३१५. उरलेली पंचेचाळीस पाने पेटीत न उघडता पडून होती. त्याने ती उघडून पाहिली. त्यांत ‘क्लोन’ होते, दोन डोंगर होते, आणि मार्चमध्ये दोनदा ढिगावर गेलेला तो हिरवा प्राणीही होता; त्या रात्री तो कोणाच्याच हाती लागला नव्हता. सर्व पाने त्याने पुन्हा एकत्र पिसली. ‘बघू’ या शब्दात नकार असेल किंवा नसेल. त्याने पुढच्या शुक्रवारी सायंकाळी साडेसहाला गाडी काढण्याचे ठरवले आणि दिवा मालवला.