आधी उचल, मग भरपाई

प्रिय सुनंदा,

नुकसानभरपाईचं नाव काढलं की तो मुलगा गप्प होतो, असं तू लिहिलंस. तुझं समजावणं कमी पडत नाहीये गं. त्याच्या वाट्याला पैसा पहिल्यांदा आला तो बापाने त्याला कामाला धाडून घेतलेली उचल म्हणून. आता पुन्हा कुणी पैशाचं बोलतंय म्हटल्यावर त्याच्या पोटात गोळा येणारच, की आता कुणाकडे धाडतायत?

२०२२ मधलं इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांचं प्रकरण आठव. थोडेसे रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्यावर लहान लहान पोरं नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे गेली होती. एक मुलगी जिवानिशी गेली. असल्या व्यवहारातून आलेल्या पोराला दोन लाखांचा आकडा ऐकवला तर त्याला ती आणखी मोठी उचल वाटते.

म्हणून आधी एवढंच सांग, की ती उचल आता संपली. १९७६ च्या वेठबिगार कायद्याने ते कर्जच रद्द होतं. कामाला ठेवणाऱ्या शेठने ते वसूल केलं तर तोच गुन्हा. बापाला काही फेडायचं नाही, आणि त्याच्या जागी धाकट्या भावाला कुणी नेणार नाही, हे तर मुद्दाम सांग. मला एका पोराने विचारलं होतं, "मेंढी परत द्यायची का?" नाही म्हटल्यावरच त्याने पुढचं ऐकून घेतलं.

मग कागदपत्रं. प्रांतांकडून मुक्ततेचं प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत काही हलत नाही. तिथे मुलांना २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या टोकाच्या प्रकरणांत ३ लाख. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते आणि तिच्यासाठी खटल्याचा निकाल लागावा लागत नाही. "निकाल लागू द्या, मग बघू" हे उत्तर ऐकून तू परत फिरू नकोस. पीडित भरपाईचा अर्ज वेगळा, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपी सापडला नाही तरी तो करता येतो. वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

खातं मुलाच्याच नावाचं हवं. बाप वाईट आहे असं मी म्हणत नाही, घरात दाणा नसताना त्याने काय केलं असतं? पण ज्या हातांनी उचल घेतली त्याच हातांत ही रक्कम जाऊ नये, एवढं बालकल्याण समितीपुढे लेखी मांड. बरीचशी रक्कम गुंतवून ठेवतात, लगेच हाती येत नाही, हेही मुलाला आजच सांग. नाहीतर त्याच्या लेखी तो आणखी एक खोटा वायदा ठरेल.

कोर्टात "पैशासाठी बोलतोस का?" असं त्याला विचारतीलच. साक्षीच्या भीतीने भरपाईची गोष्ट त्याच्यापासून लपवू नकोस. अर्जात काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखव, आणि कार्यालयातून पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

तुझी,
सुमनताई