वल्गना

मराठीत वल्गना म्हणजे पोकळ बढाई. संस्कृतात मात्र हे सगळं घराणं घोड्याचं. वल्गा म्हणजे लगाम, वल्गन म्हणजे घोड्याचं उसळत फिरणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, अश्वाध्यक्षावर एक अध्याय आहे. स्वारीच्या घोड्याच्या चाली मोजताना कौटिल्य पहिलं नाव वल्गनाचं घेतो आणि त्याचे सहा प्रकार सांगतो. मला हे कळलं ते ४७ व्या वर्षी, पुण्यातल्या एका रायडिंग स्कूलमध्ये जायला लागल्यावर. तोवर दुसऱ्या अर्थाची वल्गना करून झाली होती. ‘महिन्याभरात घोडा दौडवते की नाही बघा,’ असं घरी सांगून बसले होते.

महिना संपला तेव्हा मी दुडक्या चालीवर एक वर्तुळ काढत होते, आणि ते अंड्यासारखं येत होतं.

आमचं मैदान २० बाय ४० मीटरचं. कडेनं पांढऱ्या पाट्यांवर अक्षरं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. बाराखडी विसरलेल्या मुलानं मांडावीत तशी. बरोबर मधोमध एक्स. पण तो कुठंच लिहिलेला नसतो. बाकीच्या अक्षरांवरून तो मनात धरायचा. २० मीटरचं वर्तुळ ए पाशी निघतं, एका लांब कडेला टेकतं, एक्सवरून जातं, दुसऱ्या कडेला टेकून परत ए ला येतं. चार ठिपके आणि त्यांना जोडणारी ६३ मीटरची रेघ. कडेला टेकायचं ते एका पावलापुरतं. दोन पावलं रेंगाळलात की वर्तुळाला पोट सुटलंच. सकाळी दाताळं फिरवलेल्या वाळूवर टापा उमटत जातात, त्यामुळे सबब सांगायची सोय नाही.

माझा घोडा शर्यतींतून निवृत्त झालेला, कुमैत रंगाचा. वर्षानुवर्षं एकाच हाताला वळत धावलेला. उजवीकडे लोण्यासारखा वळे. डावीकडे घेतला की मान आत आणि खांदा बाहेर, असा निसटत निसटत कडेला जाई. मी डावा लगाम ओढी. तो मान आणखी वळवून माझ्याकडे जवळजवळ बघेच, आणि जायचा तिकडेच जाई.

उस्ताद घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. वर्तुळाच्या मध्यावर हात पाठीशी बांधून उभे असत. ‘ताई, मान वळली. घोडा कुठं वळला?’ मग सावकाश सांगत: ‘डावा पाय पोटाशी. उजवा लगाम धरून ठेवा. अन् नजर पुढच्या ठिपक्यावर. त्याच्या कानांकडं बघू नका, कान कुठं पळून जात न्हाईत.’

वळायचं डावीकडे आणि आधार धरायचा उजव्या लगामाचा, हे पटायलाच पंधरा दिवस गेले. आतल्या पायानं घोड्याचा मागचा आतला पाय पोटाखाली यावा, त्यानं भार उचलावा, बाहेरच्या लगामानं खांद्याला बांध घालावा, एवढंच ते गणित. तरी अंडं ते अंडंच. माझं मत ठरलं होतं: घोडा एककल्ली आहे.

एके दिवशी उस्तादांनी रिकिबी काढून खोगिरावर आडव्या टाकायला लावल्या. आधार गेला तशी मी हळूहळू उजवीकडे घसरले. सावरले, पुन्हा घसरले. तेव्हा लक्षात आलं. वीसेक वर्षं जड पर्स उजव्या खांद्याला, भाजीची पिशवी उजव्या हातात, बसच्या रांगेत भार उजव्या पायावर. पाठीवर माशी बसली तरी कातडं थरथरवणारं हे जनावर. त्याला माझं कललेलं वजन कळत नसेल? लगामानं मी म्हणत होते डावीकडे, बैठकीनं म्हणत होते उजवीकडे. तो बिचारा दोन्ही हुकूम पाळत होता. वारीत माऊलींचा अश्व रिंगणात धावतो, त्याच्या पाठीवर स्वार नसतो. गोल धावायला घोड्याला आपली गरज नाही, हे तिथं लाखो लोकांसमोर दिसतं.

फ्रान्समधल्या गेरिनिएर या अश्वशिक्षकाचा ग्रंथ १७३३ चा. वर्तुळात घोड्याला जो बाक येतो तोच भिंतीलगतच्या सरळ रेषेवर न्यायचा, खांदे किंचित आत घेऊन त्याला चालवायचा, हा त्यातला धडा आजही जगभर गिरवतात. घोडा सरळ व्हावा म्हणून त्याला आधी वाकवायचा. मला वाटतं, उस्तादांनी तोच धडा आम्हा दोघांना दिला. फक्त घोड्याला कमी लागला.

वर्तुळ अजून गोल येत नाही. पण मध्ये एकदा, डाव्या हाताला, चारही ठिपके एकेका पावलापुरते लागले. घोड्यानं मान खाली सोडली, फुरफुरला, लगाम चघळायला लागला. मी काही केलं नव्हतं. फक्त मधे आले नव्हते. उस्ताद म्हणाले, ‘आता उजवीकडून.’

घरी कुणी विचारलं, दौडतेस का, तर हल्ली गप्प बसते. परवा मंडईतून चढ चढून येत होते. दारापाशी किल्ली काढायला उजवा हात पर्समध्ये घातला तेव्हा पाहिलं, पिशवी डाव्या हातात होती. कधी बदलली, आठवेना.